वॉर्डातलं राजकारण, नगरपालिका आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

मुंबई-पुण्याच्या महापालिकांवर बोलणारे खूप आहेत. हा धागा पन्नास हजार ते लाखभर वस्तीच्या शहरांसाठी, जिथे नगराध्यक्ष आपल्याच रांगेत उभा राहून दाढी करून घेतो. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी कितीतरी ठिकाणी तीन-चार वर्षं प्रशासक होता. प्रस्ताव मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. गटार तुंबलं तर फोन कुणाला करायचा हेच लोक विसरले होते. त्या काळात आणि नंतरही ज्यांनी काही केलं त्यांनी लिहावं. पक्षाचा बूथ असो, मंडळ असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो, बचत गट असो, काहीही चालेल. गावाचं आणि माणसांचं नाव नको. आणि 'सगळे चोर आहेत' हे आपल्या सर्वांना पाठ आहे, त्याच्या पुढचं सांगा.

यादीवाला

मी एका पक्षाचा बूथप्रमुख. कोणता ते सोडा, काम सगळ्यांचं सारखंच असतं. भाषण, बॅनर, वाढदिवस हे वरच्यांचं. आमच्याकडे मतदार यादी.

यादी हातात घेऊन गल्ली फिरल्याशिवाय ती कळत नाही. एका घर क्रमांकावर तीस-पस्तीस नावं असतात, कारण वाडा पाडून इमारत झाली पण क्रमांक तोच राहिला. लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरच्या यादीत आणि सासरच्याही. वारलेली माणसं तर असतातच. त्यांच्यासाठी नमुना ७ भरायचा, नवीन नावाला नमुना ६, पत्ता किंवा नावातली चूक असेल तर नमुना ८. हे आता बीएलओपेक्षा, म्हणजे यादीसाठी नेमलेल्या बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्यापेक्षा, आम्हाला जास्त पाठ आहे. हे बीएलओ बहुतेक वेळा अंगणवाडीताई किंवा शाळेतले गुरुजी असतात. त्यांना स्वतःच्या कामातून वेळ काढून हे करावं लागतं, त्यामुळे त्यांच्यावर डाफरण्यात अर्थ नाही.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे नगरपालिकेची स्वतःची अशी मतदार यादीच नसते. विधानसभेची यादी घेतात आणि प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रारूप यादी लागली की हरकती मागवतात, तेव्हा पब्लिक आधार कार्ड नाचवत येतं, 'माझं नाव घाला'. तेव्हा ते घालता येतच नाही! त्या टप्प्यावर फक्त चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, किंवा विधानसभेच्या यादीत असून फोडताना सुटलेलं नाव घेता येतं. मूळ यादीत नाव आणायचं तर ते आधीच करावं लागतं. अठरा पूर्ण झाल्याचं धरायला आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून आम्ही निवडणुकीची वाट न पाहता बारावीच्या मुलांना गाठतो.

समोरच्या पक्षाचा बूथप्रमुख माझा चुलत मेहुणा आहे. वारलेल्यांची नावं कमी करायला मी एकट्याने अर्ज केले की बोंब होते, 'आमची मतं कापतोय'. त्याने केले की आमचे लोक तेच म्हणतात. शेवटी दोघांनी मिळून फिरायचं ठरवलं. निम्मी गल्ली त्याची, निम्मी माझी, आणि कमी करायच्या नावांवर दोघांची सहमती. आमच्या दोघांच्याही नेत्यांना हे फारसं आवडलेलं नाही.

नळावरची

आमच्याकडे पाणी आठवड्याने यायचं आणि कधी येईल ते फक्त पाणी सोडणाऱ्या वॉलमनला माहीत. रात्री दीडला आलं तर दीडला उठायचं. बायका मोर्चा काढायच्या, हंडे फोडायच्या, पेपरात फोटो यायचा, पुढचा आठवडा बरा जायचा आणि मग पुन्हा तेच.

आमच्या बचत गटातल्या एकीला हिशेब लिहायची सवय. तिने वही केली. कोणत्या गल्लीत, कोणत्या तारखेला, किती वाजता पाणी आलं, किती वेळ राहिलं, धार कशी होती. प्रत्येक गल्लीत एक बाई नेमली. उन्हाळा संपेपर्यंत वही भरली.

मग आम्ही पाणीपुरवठा अभियंत्यांकडे गेलो. साहेब म्हणाले, "ताई, सगळीकडे सारखंच सोडतो." आम्ही वही पुढे ठेवली. टाकीजवळच्या दोन गल्ल्यांना तास-दीड तास, आणि शेवटच्या टोकाला पंधरा मिनिटं. ते बराच वेळ पानं उलटत बसले. मला वाटतं त्यांच्याकडेही अशी नोंद नव्हती. आता वेळापत्रक व्हॉट्सॲपवर येतं आणि शेवटच्या टोकाला आधी सोडतात. पाणी अजूनही आठवड्यानेच येतं, हेही सांगते, नाहीतर कोणी म्हणेल फुशारकी मारते.

दुसरी गोष्ट. आमची नगरसेविका महिला राखीवमधून आलेली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, पण फोन लावला की उचलतात तिचे मिस्टर. "बोला ताई, मीच बघतो सगळं." आम्ही म्हणायला लागलो, "भाऊ, तुम्हाला त्रास नको, वहिनींनाच द्या फोन, बायकांचं काम आहे." बायकांचं काम म्हटलं की पुरुष फोन सोडतो. असं बरेच दिवस चाललं. आता वहिनी स्वतः येतात आणि अभियंत्यांना आमच्यापेक्षा जास्त बोलतात.

गॅलरीतला

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा कोणी पाहिली आहे का? मी निवृत्तीनंतर जायला लागलो. पहिल्याच वेळी शिपायाने विचारलं, "कुणाकडून आलात?" म्हटलं, कुणाकडून नाही, घरून आलो. त्याला ते पटलं नाही. चहा आणून दिला पण लक्ष ठेवून होता.

सभेत विषय वाचायचा, कोणीतरी 'मंजूर' म्हणायचं, पुढचा विषय. खरी मजा शेवटी, 'आयत्या वेळचे विषय'. विषयपत्रिकेत नसतात, त्यामुळे कोणी वाचून आलेला नसतो, आणि नेमके तेच कंत्राटांचे. म्हणून मी सभेनंतर इतिवृत्त मागायला लागलो. तोंडी मागून मिळालं नाही तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा निबंध लिहू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

नवीन मंडळी अर्जात 'का' विचारतात. रस्ता निकृष्ट का झाला, कारवाई का केली नाही. 'का'ला उत्तर येतं, 'माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.' कायद्याने ते कागद देतात, खुलासा देत नाहीत. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा : अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. त्याहून सोपं म्हणजे प्रती न मागता फाईल पाहायची मागणी करा. मोजमाप पुस्तिका हातात आली की त्यात लिहिलेली लांबी आणि प्रत्यक्ष रस्ता टेपने मोजून बघा. आमच्या गल्लीतला रस्ता पुस्तिकेत बराच लांब होता. तक्रार केली, चौकशी लागली. निकाल अजून आलेला नाही, पण पुढच्या कामाच्या वेळी कनिष्ठ अभियंता स्वतः येऊन म्हणाला, "काका, मोजताना या तुम्ही."

तो पोरगा माझ्या मित्राचा जावई निघाला. मोठ्या शहरात तक्रार करणारा घरी जाऊन झोपतो, इथे संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी पूजेला जावं लागतं. मी जातो. तोही प्रसाद नीट देतो.

सतरंजी

वरचे सगळे फार समाधानी दिसतात, म्हणून मी लिहितो. कॉलेजपासून पक्षात होतो. सतरंज्या उचलल्या, खुर्च्या लावल्या, नेते येणार म्हणून उन्हात उभा राहिलो, केस अंगावर घेतल्या. त्या अजून चालू आहेत, तारखेला मी एकटा जातो. तिकिटाची वेळ आली तेव्हा अर्ज भरायच्या आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून इनकमिंग झालं आणि प्लॉटिंगवाल्याला तिकीट गेलं. मला म्हणाले, तू घरचाच आहेस, समजून घे.

समजून घेतलं. पक्ष सोडला नाही, फक्त जाणं बंद केलं. आता मंडळात आहे. गणपतीचे दहा दिवस आणि एक रक्तदान शिबिर, बाकी काही नाही. तिथेही पुढच्या वेळचे तीन इच्छुक वर्गणीची पावती फाडायला आत्तापासून येऊन बसतात.

यादीवाला (सतरंजी यांना)

भाऊ, आमच्याकडे पण असंच झालं. फक्त आमचा प्लॉटिंगवाला पडला.

घरपट्टी

थोडक्यात लिहिते. दर चार वर्षांनी कराची फेरआकारणी होते. आमच्याकडे नोटिसा आल्या आणि एकेकाची पट्टी दुपटीवर गेली. लगेच सर्वपक्षीय निवेदन, मुख्याधिकाऱ्यांना देतानाचा फोटो, पेपरात बातमी. सगळे निश्चिंत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक जुने कर निरीक्षक आहेत, ते म्हणाले, निवेदन म्हणजे हरकत नव्हे. नोटीस ज्याच्या नावाची, हरकत त्याची, मुदतीत, आणि आवक शिक्क्याची पोच घेऊन. मग देवळाच्या ओट्यावर टेबल मांडलं. छापील नमुना, दोघी लिहायला, एक टेप घेऊन घरं मोजायला. चुका साध्याच होत्या : पत्र्याच्या खोलीला आरसीसी धरलं होतं, राहत्या घराला दुकान, पडलेल्या माडीचंही क्षेत्रफळ. सुनावणीला ज्यांच्याकडे पोच होती त्यांचं कमी झालं. निवेदनावर सह्या करणारे कितीतरी जण तशीच पट्टी भरताहेत, त्यांच्यातले दोन पुढारीही आहेत.

अपक्ष

मी उभी राहिले होते. पडले. अनुभव म्हणून लिहिते.

अर्जासोबतचे कागद गोळा करतानाच निम्मे उत्साही गळतात. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालयाचा दाखला, मालमत्तेचं शपथपत्र, दोन अपत्यांची अट, राखीव जागा असेल तर जात पडताळणी, खर्चासाठी वेगळं बँक खातं आणि रोजचा हिशेब. हिशेब मी खरंच रोज दिला, तिथला कारकून अचंबित झाला.

प्रचारात सगळ्यात जास्त वेळ गेला तो मत कसं द्यायचं हे सांगण्यात. आमचा प्रभाग दोन सदस्यांचा, शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून. म्हणजे एका माणसाला तीन मतं. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "एवढ्या बटणांत तुझं कुठलं?" काही जणी एक बटण दाबून निघू बघायच्या, आतला अधिकारी हाक मारून परत बोलवायचा.

मतमोजणी बूथनिहाय होते, हे छोट्या गावात वाईट. आकडे समोर येतात आणि कोणत्या गल्लीने काय केलं ते दिसतं. माझ्या माहेरच्या गल्लीच्या बूथवर मला किती पडली ते मी इथे लिहिणार नाही. काकू दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या, म्हणाल्या, "मी तुलाच दिलं गं." त्या गल्लीतल्या सगळ्यांनीच मला ते सांगितलंय. बेरीज जुळत नाही.

निवडून आलेल्या बाईंकडे मी पहिल्याच महिन्यात आमच्या दिव्यांच्या खांबांची यादी घेऊन गेले. दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. यादी मात्र घेतली आणि खांबांना क्रमांक टाकून घेतले. हे मला सुचलं नव्हतं. आता तक्रार करताना 'त्या पिंपळाजवळचा' असं सांगावं लागत नाही.

नळावरची

@गॅलरीतला, काका, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या तर पानाला किती घेतात? आमच्या पाइपलाइनचं काम सुरू झालंय.

गॅलरीतला

पानाला २ रुपये. पण आधी फाईल बघायला जा, दोघी जा, आणि वही घेऊन जा.