खांब क्र. ७ खालचे हिरवे पाणी

बी-३०२: सर्वांना नमस्कार. खांब क्र. ७ पाशी पुन्हा तेच हिरवट, बुळबुळीत पाणी साचले असून त्यातून निघालेले मांजराच्या ओल्या पंजांचे ठसे थेट जिन्यापर्यंत आलेले आहेत. ते पाणी नसून कूलंट, म्हणजे गाडीचे इंजिन थंड ठेवणारे द्रव आहे, हे मी मागच्या महिन्यातही लिहिले होते. गाडी कोणाची आहे?

सचिव: ताई, तक्रार नोंदवून घेतली आहे. वॉचमनला जागा नळीने धुण्यास सांगतो.

ए-१०४: साहेब, कृपया धुवू नये, ते पावसाळी गटारातून ओढ्यात जाईल. कूलंटमधले मुख्य रसायन, इथिलीन ग्लायकॉल, जिवाणू खातात हे खरे, परंतु ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. शिवाय जुन्या कूलंटमध्ये रेडिएटरचे तांबे आणि कधी शिसेही उतरलेले असते, ते मात्र कोणीच खात नाही. लाकडाचा भुसा टाकून, टिपून, पिशवीत बांधावे.

ए-६०१: कूलंट हे पाणी गोठू नये म्हणून घालतात, मुळात पुण्यात बर्फ पडतो का? आमच्या फियाटमध्ये आयुष्यभर नळाचे पाणी होते.

सी-२०१: आणि ती खंबाटकी घाटात दर वेळी उकळत असे, हे काका, आपणच गणपतीत सांगितले होते. कूलंट उकळबिंदू वाढवते आणि गंजही रोखते.

बी-३०२: गाडी कोणाची आहे?

सी-४०५: पार्किंगमध्ये मांजरांना खायला घालू नये असे दोन सभांमध्ये ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो.

बी-३०२: मांजर गाडीतून गळत नाही, साहेब.

डी-५०३: कूलंट गोड असते म्हणे. आमच्या ह्यांची साखर बंद आहे, त्यांना पार्किंगपासून लांब ठेवावे लागेल. 😄

ए-१०४: वहिनी, गोडाला कुत्री भुलतात, मांजरांना गोड चव कळतच नाही, पण पंजा चाटताना ते पोटात जाते. तीन किलोच्या मांजराला चमचाभर शुद्ध इथिलीन ग्लायकॉल जीवघेणे ठरू शकते. आधी ते झिंगल्यासारखे चालते, मग यकृतात तयार झालेल्या ऑक्झॅलिक आम्लापासून बनलेले स्फटिक मूत्रपिंडात बसतात. उपचार पहिल्या तीन तासांत सुरू झाले तरच उपयोग होतो, त्यामुळे झोकांड्या दिसताच डॉक्टर गाठावा.

सी-२०१: मग प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट घ्यावे का?

ए-१०४: थोडे महाग पडते, पण बरेच कमी विषारी आहे, औषधांतही वापरतात. निर्धोक मात्र म्हणू नये, कारण अमेरिकेत १९९६ साली मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी घातली गेली. गाडीच्या पुस्तिकेत चालते का ते पाहावे, जुन्यावर नवे ओतू नये आणि काढलेले जुने, बंद कॅनमधून गॅरेजला परत द्यावे. ओढ्यात गेले तर प्राणवायू तेही खातेच.

ए-६०१: म्हणजे शेवटी पाणीच बरे.

सचिव: भुशाचा खर्च कोणत्या खात्यातून करावा, हे खजिनदारांनी कळवावे.

खजिनदार: हा विषय पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा.

बी-३०२: भुसा मी माझ्या पैशाने आणते आहे. गाडी कोणाची आहे?