मदत हवी आहे : लोखंडी पुलाच्या प्लेटांमधला गंज कसा थांबवावा?

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यात आमच्या गावच्या ओढ्यावर जुना रिव्हेटचा (म्हणजे ठोकून बसवलेल्या लोखंडी खिळ्यांनी प्लेटा जोडलेला) पायपूल आहे. लेकरं शाळेला त्यावरूनच जातात. दोन वर्षांखाली रंग दिला, पण नुसता वरून. आता जोडपट्टीच्या कडेनं तांबूस ओघळ आलेत आणि दोन रिव्हेटांच्या मधी प्लेट चक्क फुगलीय. फटीत पत्र्याची पट्टी घातली की पापुद्र्यासारखा थरावर थर गंज सुटतो.

फटीत पाणी अडकतं, आत ऑक्सिजन कमी अन् बाहेर जास्त, म्हणून आतलं लोखंड खाल्लं जातं, एवढं कळतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून प्लेटा उचलल्या जातात. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांतही आत बसलेली धूळ ओल धरूनच असते.

आता फट साफ कशानं करावी, जोराच्या पाण्यानं की ब्लास्टिंगनं (वाळूसारख्या कणांचा जोरात मारा करून)? एकानं प्लेट तापवून ठोकायचं सुचवलंय, पण रिव्हेट ढिले होतील अशी मला खरंच धास्ती वाटते. नंतर आत झिरपणारं पातळ एपॉक्सी (सुकून कडक होणारा लेप), कडांना ब्रशनं झिंक प्रायमर (जस्ताचा अस्तर रंग), मग सीलंट (फट बुजवणारा लेप), हा क्रम बरोबर आहे का? ओल आत कोंडू नये म्हणून काम मे महिन्यात उरकायचा विचार आहे. फुगलेल्या जागी प्लेटची उरलेली जाडी कशी मोजता? ज्यांनी असं काम हातानं केलंय त्यांनी कृपया सांगा.