मदत हवी आहे : अचानक रुंद होणाऱ्या चॅनेलमधला नॅनोफ्लुइड फ्लो एका बाजूला झुकतोय

नमस्कार मंडळी, आठवडाभर डोकं आपटून झालं म्हणून शेवटी विचारतोय. नॅनोफ्लुइड, म्हणजे धातूचे किंवा ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी, चॅनेलमधून कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर बघतोय. १:३ एक्स्पान्शनचं (उंची एकदम तिप्पट होणारं) टू-डी चॅनेल, लॅमिनार (संथ, थरांनी वाहणारा) फ्लो, ओपनफोम या फ्लो सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेडी सॉल्व्हर. नुसत्या पाण्याला रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहाचं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) ५० वर (इनलेटची उंची आणि सरासरी वेग धरून) पायरीमागचे वरचा-खालचा दोन्ही भोवरे सारख्याच लांबीचे येतात, अगदी आरशात बघितल्यासारखे. पण वेग तोच ठेवून आकारमानाने ५ टक्के कॉपरचे कण टाकले की एक भोवरा लांबतो, दुसरा आखडतो आणि फ्लो खालच्या भिंतीला चिकटून बसतो.

पिचफोर्क बायफर्केशन (ठरावीक रेनॉल्ड्सच्या वर सरळ फ्लो अस्थिर होऊन वर किंवा खाली झुकणं), कोआंडा इफेक्ट (फ्लो जवळच्या भिंतीला चिकटणं) हे सगळं वाचलंय, पण व्हिस्कॉसिटी वाढल्यावर फ्लो उलट शांत व्हायला नको का? कण मिसळल्यावरची व्हिस्कॉसिटी देणाऱ्या ब्रिंकमनच्या फॉर्म्युल्याने ती १४ टक्के वाढते. मग काल रात्री लक्षात आलं की डेन्सिटी तर ४० टक्के वाढलीये, म्हणजे खरा रेनॉल्ड्स ६१ च्या घरात! कॉपरऐवजी तेवढंच अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) टाकून बघितलं, तिथे डेन्सिटी १५ टक्केच वाढते, तर फ्लो परत सरळ.

आता प्रश्न असा की पाण्याशी तुलना करताना रेनॉल्ड्स बेस फ्लुइडचा (नुसत्या पाण्याचा) धरायचा की नॅनोफ्लुइडचा? आणि फ्लो दर वेळी खालीच का झुकतो, मेशमध्ये (गणितासाठी चॅनेलवर टाकलेल्या जाळीत) काही गडबड असेल का? मित्र म्हणतो अर्धंच डोमेन (चॅनेलचा अर्धा भाग) घे आणि मधल्या रेषेवर सिमेट्री लाव, पण मग झुकणं दिसणारच नाही ना! कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.