मदत हवी आहे: सुरक्षा गुणक १.५ ठेवायचा, पण पाण्याची पातळी आणि कोहीजन कुठलं धरून?

नमस्कार मंडळी,

रस्त्यासाठी खोदलेल्या ९ मीटर उंच कटिंगचं स्लोप स्टॅबिलिटीचं, म्हणजे उतार घसरणार नाही ना हे तपासण्याचं, काम हातात आहे. उतार १ उभा, २ आडवा. माती गाळमिश्रित चिकणमाती, एकक वजन १९ किलोन्यूटन प्रति घनमीटर. पोअर प्रेशर (मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) मोजून केलेल्या ट्रायॲक्सियल चाचणीत (नमुन्याला सगळीकडून दाबून ताकद मोजणारी) प्रभावी कोहीजन, म्हणजे मातीकणांची आपसातली चिकटण, ६ किलोपास्कल आणि घर्षणकोन (फाय) २७ अंश मिळालाय. उतार कायमचा आहे आणि माथ्याजवळ घरं आहेत.

बिशपच्या पद्धतीने (वर्तुळाकार घसरण धरून, मातीचे उभे काप पाडून केलेला हिशेब), भूजल खोल धरलं तर सुरक्षा गुणक, म्हणजे मातीची ताकद भागिले घसरवणारा जोर, १.५५ च्या आसपास येतो. मोठ्या पावसानंतरची स्थिती म्हणून पोअर प्रेशर गुणोत्तर (पाण्याचा दाब भागिले वरच्या मातीच्या वजनाचा दाब) ०.२ घेतलं की तोच १.२५ वर उतरतो. टीममधल्या काहींचं म्हणणं, पहिला आकडा १.५ च्या वर आहे ना, मग झालं. मला हे अजिबात पटत नाही. घरांखालचा उतार पावसातच घसरणार, उन्हाळ्यात नाही.

पण त्याहून जास्त काळजी त्या ६ किलोपास्कलची वाटते. कोहीजन शून्य धरून उथळ घसरण तपासली तर टॅन २७ भागिले उताराचा टॅन ०.५, म्हणजे पूर्ण कोरड्या उताराचाही गुणक जेमतेम १.०२. त्याच्या वरचं सगळं या एका आकड्यावर उभं आहे. चाचण्या झाल्यात १००, २०० आणि ३०० किलोपास्कलला, आणि धोक्याच्या वर्तुळावरचा (सर्वात कमी गुणक देणाऱ्या घसरणीच्या पृष्ठावरचा) ताण बहुतेक ठिकाणी ५०-६० च्या आत. कमी ताणाला एन्व्हलप (ताणानुसार ताकद दाखवणारी रेषा) खाली वळतं, हे आपण सगळे जाणतो. तिथे चाचणीच नाही, फक्त सरळ रेषा मागे वाढवून अक्षावर ६ वाचलेत.

आता विचारायचं ते असं. यूएस आर्मी कोअरच्या मॅन्युअलमध्ये धरणांच्या भरावासाठी दीर्घकालीन स्थिर पाझराला १.५ आणि बांधकाम संपतानाच्या स्थितीला १.३ आहे. कटिंगला तुम्ही हे कसं लावता? दर पावसाळ्यात येणाऱ्या पातळीला १.५ आणि क्वचित येणाऱ्या पातळीला १.३, असं मी मांडायच्या विचारात आहे.

दुसरं, कोहीजन १-२ किलोपास्कलच धरून वर पुन्हा १.५ मागितला तर सुरक्षितता दोनदा मोजली जाते, असा आक्षेप येणार. युरोकोड ७ मध्ये (भू-तांत्रिक डिझाइनचं युरोपीय मानक) प्रभावी कोहीजन आणि टॅन फाय यांना १.२५ ने भागतात, पण ती मूल्यं आधीच सावधपणे निवडलेली असतात. सरासरी मूल्यं घेऊन १.२५ वर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं. सावध मूल्यं आणि वर १.५ हे खरंच अति होतं का? तुम्ही कुठे थांबता?

उतार १:२.५ केला तर कोरड्या, कोहीजनविरहित स्थितीत १.२७ मिळतो, पण माथ्याला तेवढी जागा नाही. आडवे ड्रेन टाकता येतील. मात्र ते काही वर्षांत गाळाने बुजतात, त्यामुळे दीर्घकालीन हिशेबात त्यांना किती श्रेय द्यायचं हे ठरत नाहीये. पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणारं उपकरण) बसवायची मागणी मी केलेलीच आहे.

आणि कुणी अशा मातीवर २०, ४०, ८० किलोपास्कलला चाचण्या करून घेतल्या असतील, तर कोहीजन किती खाली आलं तेवढं जरूर लिहा. त्यावरच फेरचाचणीचा आग्रह धरायचा की नाही हे ठरवेन.