मदत हवी आहे : ४१ वर्षांचा क्वार्टरबॅक ठेवायचा की सोडायचा? (उद्या सकाळपर्यंत)

शेवटचा_बेंच
मंडळी, घाईत आहे. स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या कोर्सची असाइनमेंट उद्या सकाळी ९ ला द्यायची आहे. प्रश्न एका ओळीचा : एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) टीमने क्वार्टरबॅकला (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ठेवावं की सोडावं, आकड्यांसकट सांगा. मी शीट केलं. ठेवला तर कॅपवर (टीमच्या वर्षाच्या पगारखर्चाची मर्यादा) २३.५, सोडला तर ४९. सोडणं दुपटीहून महाग, म्हणून मी "ठेवा" लिहिलं. सर म्हणाले, शीट चुकलंय. कुठे चुकलंय ते सांगत नाहीत. खेळ समजावून सांगू नका, तो येतो. फक्त गणित बघा.

तिसरा_डाऊन
टीम कोणती, वर्ष कोणतं, करार किती वर्षांचा? काहीच लिहिलेलं नाही. कसं बघायचं?

गल्लीक्रिकेट
४१ म्हणजे फार नाही. चेन्नईने धोनीला २०२५ च्या सीझनसाठी राखलाच की. अनुभवी माणूस ड्रेसिंग रूममध्ये असला तरी तरुण पोरं शिकतात. ठेवा.

कॅपगणित
२३.५, ४९ आणि वय ४१ म्हणजे न्यूयॉर्क जेट्स आणि ॲरन रॉजर्स, २०२५ चा सीझन सुरू होण्याआधीची केस. बरोबर का? आणि तुमचे ४९ हे कोणत्या तारखेला सोडलं तर? १ जूनच्या आधी की नंतर?

शेवटचा_बेंच
हो, जेट्सच. लिहायचं राहिलं. तारखेचा काय संबंध? सोडला म्हणजे सोडला.

कॅपगणित
तारखेचा संबंध आहे, पण त्याआधी ते ४९ आले कुठून हे बघा. सगळे आकडे मिलियन डॉलरमध्ये.

२०२३ मध्ये करार नव्याने लिहिला तेव्हा ३५ चा साइनिंग बोनस (सही करताना मिळणारी रक्कम) दिला. २०२४ ला ३५ चा ऑप्शन बोनस (करार पुढे चालू ठेवताना द्यायची रक्कम) दिला. पैसे त्याला मिळाले, पण कॅपच्या वहीत बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून लावता येतो. ३५ भागिले ५, वर्षाला ७. २०२३ ला ७ लागले, २०२४ ला दोन्ही बोनसचे मिळून १४. सत्तरातले २१ वहीत चढले, उरले ४९. म्हणजे हे ४९ देऊन झालेले पैसे आहेत, फक्त खाती टाकायचे राहिलेत. टीमने ठेवलं, सोडलं, तो स्वतः निवृत्त झाला, काहीही झालं तरी ते कॅपवर येणारच. ठेवलं तर १४, १४, १४, ७ असे २०२८ पर्यंत येतात. सोडलं तर लवकर येतात. एवढाच फरक.

आता तुमचे २३.५ फोडा. जुन्या बोनसचे १४, २०२५ साठी नवा ३५ चा ऑप्शन बोनस आहे त्याचा पहिला हप्ता ७, पगार २.५. म्हणजे जुने १४ दोन्ही रकान्यांत आहेत आणि नव्या बोनसचे उरलेले २८ एकाही रकान्यात नाहीत. चूक इथे आहे.

एकच वर्ष ठेवून २०२६ ला सोडला असं धरा. २०२५ चे २३.५. मागे उरलेलं ओझं : जुने ३५ अधिक नवे २८, एकूण ६३. दोन्ही मिळून ८६.५. आत्ता सोडला तर एकूण ४९. वजाबाकी करा : ३७.५. आणि २०२५ ला त्याला हातात किती द्यायचे? बोनस ३५, पगार २.५. तेही ३७.५. हा ताळा जुळला की शीट बरोबर.

शेवटचा_बेंच
थांबा. म्हणजे प्रश्न ४९ चा नाहीच? हा माणूस आणखी एका वर्षासाठी ३७.५ च्या लायकीचा आहे का, एवढाच प्रश्न?

कॅपगणित
हो. ४९ दोन्ही बाजूंना समान आहेत, खोडून टाका.

आता तारीख. १ जूनच्या आधी साधं सोडलं तर ४९ सगळे २०२५ च्या वहीत. ठेवण्यापेक्षा २५.५ जास्त, तुम्ही याच आकड्याला घाबरलात. पण सोडताना "१ जूननंतरचा" अशी नोंद करता येते, एका वर्षात दोन खेळाडूंपुरती. मग २०२५ ला १४ आणि उरलेले ३५ २०२६ ला. ठेवण्याच्या तुलनेत २०२५ मध्ये ९.५ मोकळे होतात. मात्र २ जूनपर्यंत तो जुन्या आकड्यानिशीच वहीत बसलेला असतो. मार्चमध्ये फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) उघडते तेव्हा हे ९.५ हातात नसतात, आणि चांगला गार्ड किंवा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारे खेळाडू) जूनपर्यंत बाजारात राहत नाही. हे वाक्य असाइनमेंटमध्ये नक्की घाला.

गल्लीक्रिकेट
आयपीएलमध्ये असली भानगड नाही. धोनीला अनकॅप्ड म्हणून ४ कोटींत ठेवला आणि विषय संपला.

तिसरा_डाऊन
दादा, म्हणूनच ती तुलना इथे चालत नाही. २०२५ ची १२० कोटींची पर्स त्या वर्षाची त्या वर्षी खर्च होते, बोनस पुढच्या पाच वर्षांवर ढकलता येत नाही. तिथे म्हातारा खेळाडू सोडल्यावर मागे उधारी राहत नाही. इथे सगळा त्रास उधारीचाच आहे.

उभा_पॉकेट
नुसत्या वहीवर निर्णय घेऊ नका. ३७.५ ची लायकी टेपवर (सामन्यांच्या चित्रणावर) ठरते. २०२४ मध्ये तो १७ च्या १७ सामने खेळला : ३,८९७ यार्ड, २८ टचडाऊन (गुण मिळवून देणारे पास), ११ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), ६३ टक्के पास पूर्ण. वरवर छान दिसतं. पण ३,८९७ ला ५८४ पासांनी भागा, दर पासमागे ६.७ यार्ड येतात. बॉल लवकर सुटतोय, आखूड जातोय. टीम ५-१२ वर (५ विजय, १२ पराभव) संपली.

म्हातारपण आधी खांद्यात दिसत नाही, पायात दिसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये बिल्सविरुद्ध जेट्ससाठीच्या चौथ्याच स्नॅपला (प्ले सुरू करताना बॉल मागे देणं) त्याचं अकिलीस (टाचेमागची कंडरा) तुटलं, म्हणून इथे तर पायच बघायचे. कसे ते सांगतो. पूर्ण मैदान दिसतं अशी कोच फिल्म घ्या, टीव्हीचं चित्रण नको, त्यात रिसीव्हर (पास पकडणारे) फ्रेमबाहेर जातात. फक्त थर्ड डाऊन (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि ७ किंवा जास्त यार्ड बाकी, असे प्ले काढा. दर प्लेला चार खुणा : पुढचा पाय फेकण्याच्या दिशेला टेकला की मागच्या पायावरूनच फेकला, समोरून दबाव आल्यावर पॉकेटमध्ये (त्याला वाचवणाऱ्यांच्या कड्यात) एक पाऊल वर सरकला की पाठ फिरवून पळाला, दुसऱ्या रिसीव्हरपर्यंत नजर गेली का, आणि पास मार्करच्या (हवे ते यार्ड पूर्ण होतात ती रेषा) अलीकडे पडला की पलीकडे. मागच्या पायाचे पास आणि अलीकडे पडणारे पास एकत्र वाढत असतील तर माणूस मार चुकवायला खेळतोय. मार चुकवणारा क्वार्टरबॅक थर्ड-अँड-९ ला ५ यार्डांचा पास टाकतो. टक्केवारी चांगली राहते आणि पंट करायची (बॉल लाथ मारून समोरच्यांना द्यायची) वेळ येते.

तिसरा_डाऊन
टेपवरून पुढचं वर्ष कळतं, हे मला मान्य नाही. पेटन मॅनिंग : २०१४ ला ३९ टचडाऊन, १५ इंटरसेप्शन. २०१५ ला ९ आणि १७. एका वर्षात कडा कोसळावा तसं झालं. उलट ब्रेडीने २०२१ मध्ये, वय ४४, ५,३१६ यार्ड आणि ४३ टचडाऊन काढले. कोणत्या टेपवरून हे दोन्ही ओळखले असते?

खरा प्रश्न असा : मागे कोण उभा आहे? पॅकर्सनी २००५ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड) २४ व्या नंबरवर रॉजर्सलाच घेतलं आणि तीन वर्षं तेव्हाचा क्वार्टरबॅक फार्व याच्या मागे बसवलं. २००८ ला बदल केला. पहिल्या वर्षी ६-१० झाले, तरी धीर सोडला नाही, २०१० च्या सीझनला सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. २०२० ला २६ व्या नंबरवर जॉर्डन लव्ह घेऊन तेच पुन्हा केलं. चीफ्सनी २०१७ ला महोम्सला वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे ठेवलं, आणि स्मिथ त्या वर्षी लीगमध्ये पासर रेटिंगला पहिला होता! सोडायचं असेल तर दोन वर्षं आधी तयारी लागते. जेट्सकडे रॉजर्सच्या मागे असा कोणी नव्हता.

उभा_पॉकेट
मॅनिंगचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. २०१४ च्या शेवटच्या महिन्यातली टेप बघा, लांबचे पास तरंगायला लागले होते. वर्षाचा एकूण आकडा चांगला, शेवट वाईट. म्हणूनच म्हणतो, सीझनचे तीन तुकडे करून बघा, बेरीज बघू नका.

आणि मागे कोणी नाही म्हणून खराब माणूस ठेवायचा, हे तर्कात बसत नाही. कोल्ट्सनी मार्च २०१२ ला मॅनिंगला सोडलं तेव्हा २८ मिलियनचा बोनस समोर होता, मानेच्या शस्त्रक्रियांमुळे तो २०११ चा सीझन खेळलाच नव्हता.

तिसरा_डाऊन
आणि २-१४ झाल्यामुळे हातात ड्राफ्टचा पहिला नंबर होता, समोर नवा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक होता! तेच तर सांगतोय. जेट्सकडे ७ वा नंबर. त्या नंबरवर हवा तो क्वार्टरबॅक उरेल की नाही, फेब्रुवारीत कोण सांगणार?

जर्सीकर_काकू
मेटलाइफला (जेट्सचं स्टेडियम) सामना बघायला जायचं असेल तर गाडी नेऊ नका. एडिसनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची ट्रेन पकडून सिकॉकसला उतरायचं, तिथून सामन्याच्या दिवशी स्टेडियमची ट्रेन असते. बॅग पारदर्शक लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. साधी पर्स तळहाताएवढीच चालते. थर्मास आत नेऊ देत नाहीत.

शेवटचा_बेंच
काकू, धन्यवाद, पण मी सामन्याला जात नाहीये. बाकीचे, कृपया भांडू नका. मी शेवटी काय लिहू? सोडल्यावर टीमचं वाटोळं होतं का, याचं एखादं उदाहरण हवं.

कॅपगणित
डेन्व्हर. मार्च २०२४ ला क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं, ८५ चं ओझं, ५३ पहिल्या वर्षी आणि ३२ दुसऱ्या. तरीही त्याच सीझनला १०-७ करून प्लेऑफला गेले, नवखा बो निक्स खेळवून. डेड मनीने (सोडलेल्या खेळाडूचं कॅपवर राहिलेलं ओझं) टीम मरत नाही.

तिसरा_डाऊन
हे उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या ८५ मध्ये २०२४ चे ३९ गॅरंटीचे होते, तेव्हा द्यायचे बाकी. दुसऱ्या टीमने जेवढे दिले तेवढेच कमी झाले. स्टीलर्सनी लीगच्या किमान पगारावर, १.२१ ला, घेतलं, उरलेले डेन्व्हरनेच भरले. म्हणजे विल्सनचे पैसे नुसते वहीतले नव्हते, खिशातूनही गेले. रॉजर्सच्या २०२५ च्या ३७.५ ला गॅरंटी नव्हती. दोन केसेस एका मापाने मोजू नका.

कॅपगणित
मान्य, दुरुस्ती बरोबर आहे. आणि ती सोडण्याच्याच बाजूने जाते : सोडायला डेन्व्हरला जास्त महाग पडलं, तरी त्यांनी सोडलं.

जर्सीचा_पंखा
एवढी चर्चा कशाला? ७ सप्टेंबर २०२५ ला रॉजर्स स्टीलर्सकडून मेटलाइफवरच आला, ४ टचडाऊन पास टाकले आणि ३४-३२ ने जेट्सना हरवलं. चूक होती, संपलं.

शेवटचा_बेंच
हे वापरता येत नाही. सरांची अट आहे : १० फेब्रुवारी २०२५ पर्यंत जे माहीत होतं तेवढंच धरायचं.

तिसरा_डाऊन
ही अट पहिल्या पोस्टमध्ये हवी होती. अर्धा धागा वाचला असता. मग हेही धरा : जानेवारीत कोच ॲरन ग्लेन आणि जनरल मॅनेजर डॅरन मूगी दोघेही नवे आले. नव्या माणसांना पहिल्या वर्षी हरण्याची मुभा असते, तिसऱ्या वर्षी नसते. २०२६ च्या वहीत ३५ ऐवजी ६३ त्यांना परवडत नाहीत. मागे कोणी नसला तरी याच कारणाने मी "सोडा" लिहिलं असतं. फक्त वय हे कारण देऊ नका.

शेवटचा_बेंच
हे लिहितोय : सोडा, १ जूननंतरच्या नोंदीने. २०२५ ला १४, २०२६ ला ३५. वाचले ९.५ कॅप आणि ३७.५ रोख. कॅपची एकूण मर्यादा २७९.२ धरली. ठीक?

कॅपगणित
दोन चुका. २७९.२ हा आकडा फेब्रुवारीच्या शेवटी जाहीर झाला, तुमच्या तारखेनंतर. तो काढा, टक्केवारी नकोच. दुसरी, ३७.५ "वाचले" नाहीत. कोणीतरी क्वार्टरबॅक खेळवावाच लागणार. त्याची किंमत वेगळ्या ओळीत घाला, १०, २० आणि ३० अशा तीन अंदाजांनी. ३० च्या ओळीत तुमची बचत ७.५ वर येते, आणि तिथे मात्र उभा_पॉकेट यांची टेप कामाला येते.

शेवटचा_बेंच
बदललं, ८६.५ वजा ४९ चा ताळाही जुळला. आता टेपचे कॉलम भरतोय. पेनल्टीने रद्द झालेला प्ले धरायचा की नाही?

उभा_पॉकेट
धरा. आकडेवारीत तो नसतो, पण आपण पाय बघतोय, आणि शिट्टी वाजेपर्यंत पाय खरेच असतात. पुढे "र" लिहा म्हणजे नंतर वेगळा काढता येईल. फॉल्स स्टार्ट मात्र सोडा, त्यात स्नॅपच होत नाही.