बोटीत पाण्याच्या पिशव्या बसवतोय, सल्ला हवा

प्रेषक: निखिल
प्रति: मंडळ यादी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात जुनी बोट घेतली. एकवीस फुटी, इनबोर्ड, म्हणजे इंजिन बोटीच्या आतच, मागच्या बाजूला. जुलैच्या सहलीत मंडळाच्या मुलांना वेकबोर्डिंग, म्हणजे बोटीमागे दोरी धरून लाटेवर फळीवर उभं राहणं, शिकवायचं मनात आहे. वॉटर स्कीइंगचा जन्मच आपल्या मिनेसोटातला, १९२२ साली लेक सिटीला राल्फ सॅम्युएलसनने पाण्यावर पाय ठेवला, तेव्हा आपल्या मुलांनीही एकदा तरी पाण्यावर उभं राहिलं पाहिजे.

अडचण अशी की बोट हलकी आहे, मागे लाटच उठत नाही. म्हणून पाण्याच्या पिशव्या घेतल्या. मागे दोन, ७५० पौंडांच्या, आणि पुढे एक, ४०० ची. सध्या एक पंप काठावरून पाण्यात सोडतो आणि नळी हातात धरून एकेक पिशवी भरत बसतो. तिन्ही भरेपर्यंत पाऊण तास जातो आणि मुलं कंटाळतात. बटण दाबलं की भरल्या, बटण दाबलं की रिकाम्या, असं कायमचं काहीतरी करायचं आहे. दुकानात सांगितलेला खर्च झेपणारा नाही, म्हणून स्वतःच करणार.

एरेटर पंप घ्यावा की रबरी पंख्याचा, दोन्ही बाजूंनी फिरणारा? आणि खरं सांगायचं तर चांगल्या बोटीच्या तळाला भोक पाडायला हात धजत नाही. कोणी केलंय का?

निखिल


प्रेषक: मेधा

निखिल, शशीकाकांनी स्वतःच्या बोटीत हे सगळं हाताने केलं होतं. ते आता सांगलीला परतलेत पण यादीवर आहेत. काका, बघाल का?


प्रेषक: शशीकाका

निखिल,

इथे सांगलीत पहाटेचे साडेपाच वाजलेत. घाटावर फिरायला जायच्या आधी जेवढं होईल तेवढं लिहितो.

पंपाचं नंतर, आधी वजनाचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तुझी ७५० पौंडांची पिशवी ३४० किलोची, ४०० ची साधारण १८० ची. तिन्ही भरल्या की ८६० किलो. माणशी ७५ किलो धर, म्हणजे एकही मूल चढायच्या आधी तुझ्या बोटीत अकरा माणसं बसलेली आहेत. क्षमतेची पाटी तिकडे वीस फुटांच्या आतल्या बोटींनाच सक्तीची आहे, त्यामुळे तुझ्या बोटीवर ती नसेलही. मग कंपनीचं मॅन्युअल मिळव, त्यात दिलेल्या एकूण वजनातून पाणी वजा कर आणि उरेल तेवढीच माणसं घे. मुलं हिरमुसली तर हिरमुसू देत.

एवढं ताणून का सांगतो ते ऐक. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं. त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली. झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं तिच्यात होती. ती जीव वाचवायला चढली होती रे, पण होडीला वजन तेवढं कळतं. आपण तर हौसेसाठी वजन भरतोय. तेव्हापासून कोणी बोटीत वजन टाकायचं म्हटलं की मी आधी हिशेब मागतो.

आता पंप. तू शहरात वाढलास, म्हणून आमच्या मळ्यातलं सांगतो. नदीवरची मोटर पाणी उचलेना की वडील म्हणायचे, "हवा धरली." मग वरून पाणी ओतून मोटर भरायची, फूटव्हॉल्व्ह गळतोय का बघायचं. एरेटर पंपाचं अगदी तेच आहे. तो पाणी ढकलतो, ओढून घेत नाही. म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच, तळाच्या भोकाला लागून बसला पाहिजे, आणि त्याची नळी पिशवीपर्यंत चढतीच जायला हवी. मध्ये कुठे खाली झोका पडला की तिथे हवा अडकते. बोट ट्रेलरवरून पुन्हा पाण्यात उतरवल्यावर हमखास हवा धरते. तेव्हा पंप बंद ठेवून बोट जराशी मागे घ्यायची, हवा निघून जाते. हा पंप एकाच दिशेला चालतो, म्हणजे पिशवीमागे दोन लागतात, एक भरायला आणि एक उपसायला.

रबरी पंख्याचा पंप स्वतः पाणी ओढतो. एकच पंप भरतो आणि उपसतो, आणि बंद असताना पाणी अडवूनही धरतो. पण कोरडा फिरला की पंख्याची पाती भाजून निघतात. मुलांच्या गडबडीत पिशवी रिकामी झालेली कळत नाही आणि पंप फिरतच राहतो. मी पहिल्याच उन्हाळ्यात दोन पंखे असे घालवले. तुझ्या बोटीत मुलं असणार, तेव्हा तू एरेटरच घे. ताशी ८०० गॅलनवाला पुरेल. तुझ्या मोठ्या पिशवीत ९० गॅलन मावतात. कागदावर सात मिनिटं होतात, नळीची वळणं धरून दहा धर. दोन्ही बाजू एकदम भरल्या की पाऊण तासाचं काम दहा मिनिटांत.

एरेटरची एक खोड मात्र लक्षात ठेव. तो बंद असला तरी पाणी त्याच्यातून वाहत राहतं. बोट वेगात असताना तळाच्या भोकातून पाणी आपोआप पिशवीत चढतं, किंवा थांबल्यावर उलटं गळतं. म्हणून भरायची नळी आधी पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर, काठाजवळ चढव, तिथे हवा घेणारं वळण बसव आणि मगच खाली पिशवीकडे आण. पिशवीच्या सगळ्यात उंच कोपऱ्यातून हवेची नळी काढून बोटीच्या बाजूला बाहेर सोड. तिथून पाण्याची धार लागली की पिशवी भरली, आत वाकून बघायला नको. त्या नळीवर एकेरी झडप बसव. नाहीतर उपसताना पंप तिथून हवा ओढतो आणि पुन्हा आपलं, हवा धरली! आणि उपसायच्या तोंडात हाताच्या बोटाएवढा, भोकं पाडलेला पाइपचा तुकडा घाल. नाहीतर शेवटचं पाणी निघताना पिशवीचं कापड तोंडाला चिकटतं आणि पाच-सात गॅलन आतच राहतात.

भोकाची भीती वाटते ते बरंच आहे, जपून करशील. आतून तळाच्या पट्ट्या कुठे आहेत ते हाताने चाचप. आतूनच बारीक भोक पाड, मग बाहेर येऊन तिथे चिकटपट्टी लाव आणि होलसॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, सुरुवातीला उलटा फिरव. वरचा गुळगुळीत थर गोल कापला गेला की सुलटा फिरव, म्हणजे कडेचे टवके उडत नाहीत. कापलेल्या कडेत लाकूड किंवा फोम दिसला तर तो एपॉक्सीने पुरता बंद कर, पाणी एकदा आत मुरलं की तळ कुजतो. भोकात बसवायची तोटी पितळेची नको, ब्राँझची घे. सीलंट ४२०० चालेल. ५२०० लावलंस तर ती तोटी जन्मात निघायची नाही.

आणि तोटीला लागूनच पाणी बंद करायला बॉल व्हॉल्व्ह. हा मी पहिल्या वर्षी बसवला नव्हता. नळीला क्लिपही एकच होती. रात्री धक्क्याला बांधलेल्या बोटीत ती नळी निसटली. तळाशी साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप रात्रभर पाणी फेकत राहिला आणि बॅटरी संपल्यावर थांबला. सकाळी झाकण उघडलं तर पाणी स्टार्टरला टेकलेलं, वर तेलाचा तवंग, आणि त्या तवंगात माझीच निसटलेली क्लिप तरंगणाऱ्या चिंधीला अडकलेली. त्यानंतर प्रत्येक टोकाला स्टीलच्या दोन क्लिपा आणि घरी जाताना व्हॉल्व्ह बंद. निखिल, तळाखालचं एकही भोक व्हॉल्व्हशिवाय ठेवू नकोस.

वायरिंगचं थोडक्यात. कथिलाचा मुलामा दिलेली बोटीची वायर, फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत, आणि इंजिनाच्या कप्प्यातले पंप नि स्विच ठिणगी बाहेर पडू न देणारेच, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. सुरू करण्याआधी चार मिनिटं ती वाफ बाहेर काढणारा पंखा, ब्लोअर, चालव. नळ्या एक्झॉस्टपासून लांब ने.

पिशव्या भरल्या तर पूर्ण भर, नाहीतर रिकाम्या ठेव. अर्धवट पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि बोटीला घेऊन कलतं. पुढची पिशवी भरलेली असताना सगळी मुलं पुढे बसवू नकोस. कोणी पडलं की तू वेग तोडून वळतोस, तेव्हा आपलीच लाट समोरून आत येते. पावसाळ्यात इथे कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात. घाटावर उभं राहून बघ कधी, एखादा वल्हेकरी हातभर पुढे सरकला तरी होडीचं नाक बदललेलं दिसतं.

उजाडलं. निघतो.

शशीकाका


प्रेषक: मेधा

काका, खूप आभार. एक मी जोडते, कारण तळ्यांच्या स्वच्छतेचं काम मी मनापासून करते.

निखिल, तळं सोडताना पिशव्या रिकाम्या करणं आणि तळाचं बूच काढून ठेवणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. झेब्रा मसल नावाचे ते नखाएवढे शिंपले अमेरिकेत आले तेच मुळी जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या, पाण्यातून. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि २०१० मध्ये आपल्या मिनेटोंका तळ्यात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. काका म्हणतात ते पिशवीत उरणारे पाच-सात गॅलन त्यांना दुसऱ्या तळ्यात पोचायला पुरेसे आहेत. पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा गालिचा बघितलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

बोट दुसऱ्या तळ्यात न्यायची असेल तर मध्ये किमान पाच दिवस वाळवायची, नाहीतर १२० अंश फॅरनहाइटच्या पाण्याने निदान दोन मिनिटं धुवायची. पिशवी आतून पाच दिवसांत वाळत नाही, म्हणून तिला गरम पाणीच. त्यापेक्षा यंदा एकाच तळ्यात राहा.


प्रेषक: निखिल

काका, साष्टांग नमस्कार.

मॅन्युअल मिळालं. तुम्ही सांगितला तसा हिशेब केला तर तिन्ही पिशव्या भरून मी, एक लक्ष ठेवणारा आणि चार मुलं, एवढेच बसतात. आठ मुलांना नेणार होतो. आता पुढची पिशवी काढून टाकतोय आणि मुलांच्या दोन फेऱ्या करतोय. मेधाताई, सगळ्या फेऱ्या एकाच तळ्यात.

एक विचारायचं राहिलं. हिवाळ्यात पंपातलं पाणी?


प्रेषक: शशीकाका

पिशव्या काढून घरात ने. नळ्या फुंकून रिकाम्या कर आणि पंपातून गुलाबी अँटीफ्रीझ चालव, गाडीचं हिरवं नव्हे. बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेव, गोळ्याच्या पोटात राहिलेलं पाणी गोठून तो फुटतो.

चार मुलांचा हिशेब वाचून बरं वाटलं.


प्रेषक: निखिल

शनिवारी भोकं पाडली, दोन. उलटा होलसॉ चालला, एकही टवका उडाला नाही. कडेला लाकूड निघालं, एपॉक्सी भरलं. आज बोट पाण्यात उतरवून आधी तासभर नुसता टॉर्च धरून तोट्यांपाशी बसलो. डाव्या तोटीच्या खाली हाताचं बोट फिरवलं तर ओल लागली. पंपाला हातही न लावता बोट परत ट्रेलरवर घेतली. उद्या ती तोटी काढून पुन्हा बसवतो. ४२०० लावलंय काका, निघेल.