मदत हवी आहे : हापूसच्या बागेत मायकोरायझा टाकून उपयोग होतो का?

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही. रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, दोन तुकड्यांत. वरची कातळावर, सुरुंग लावून खड्डे काढून बाहेरची माती भरलेली, तिथे ६० कलमं. खालची वहाळाजवळ, आजोबांनी लावलेली ३५ कलमं. वरच्या बागेला बाबा गेली १० वर्षं मिश्रखत, कल्टार (मोहर येण्यासाठी देतात ते), तणनाशक सगळं वेळच्या वेळी देतात आणि दोन वर्षांपूर्वी काही कलमं सुकायला लागली तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची मुळाशी आळवणीपण केली. खालच्या बागेत यातलं काहीच नाही, गवत कापून बुंध्यात टाकायचं आणि थोडं शेणखत, बस्स.

आता खाली पाला बाजूला केला की भुसभुशीत माती आणि पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसतं. वर खणलं तर माती घट्ट, तंतू औषधालाही नाहीत. एप्रिलमध्ये वरची कलमं मान टाकतात, खालची हिरवीगार. मला वाटतंय ते तंतू म्हणजेच मायकोरायझा, म्हणजे झाडाच्या मुळांशी जोडीने राहणारी उपयोगी बुरशी, आणि वरच्या बागेत तो मेलाय. बरोबर आहे का? दुकानदार म्हणाला पावडर घ्या, गुळाच्या पाण्यात दोन दिवस वाढवा आणि आळ्यात ओता. पाकिटं स्वस्त नाहीत हो, ६० कलमांना द्यायची म्हणजे खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय. आणि मुळांवर बुरशी आहे की नाही हे तपासून मिळतं का कुठे, दापोलीला कृषी विद्यापीठात कोणी करून घेतलंय का?

प्रतिसाद १ :
दादा, पाकिटं घ्यायच्या आधी थांबा. पाल्यातले पांढरे तंतू बहुतेक पाला कुजवणाऱ्या बुरशीचे असतात. त्या चांगल्याच, पण आंब्याचा मायकोरायझा मुळाच्या आत असतो, मातीत जाणारे त्याचे तंतूही फार बारीक, त्यामुळे साध्या डोळ्यांना दिसत नाही. बारीक मुळं कॉस्टिक पोटॅशच्या (खतातलं पोटॅश नव्हे) द्रावणात तापवून ट्रायपॅन ब्लूचा रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, तेव्हा कळतं. दुसरं, तो जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळे गुळाच्या पाण्यात वाढवायची गोष्ट साफ चूक. ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी, रोगाच्या बुरशीवर वापरतात ती, शेणखतात सावलीत ओल ठेवून वाढवता येते, दुकानदाराने बहुतेक दोन्हीची गल्लत केली. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि अल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात आणि हीच बुरशी तो मुळापर्यंत आणून देते. पण स्फुरदाचं खत भरपूर पडलं की झाड तिला थारा देत नाही, म्हणून माती तपासून मिश्रखत आधी कमी करा. पावडर द्यायचीच तर पानांच्या घेराखाली जिथे बारीक मुळं आहेत तिथे उकरून मुळांना लागेल अशी द्या, वरवर भुरभुरवू नका. आणि खाली वहाळाची ओल आहे, माती खोल आहे, हा फरकही धरा, सगळं बुरशीवर टाकू नका.

धागाकर्ता :
खूप आभार, वहाळाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बाबा कल्टार लगेच बंद करणार नाहीत, पण १० कलमांना तणनाशक बंद करून गवत नुसतं कापायचं आणि मिश्रखत माती तपासून द्यायचं, एवढ्याला तयार झालेत. पावडर त्यातल्या ५ कलमांनाच देतो म्हणजे फरक कळेल. मातीत जिवंत मुळं राहावीत म्हणून मधल्या जागेत कुळीथ किंवा चवळी पेरायचा विचार आहे. पण कातळावर पाऊस गेला की ओल झटकन उडते, खाली भातानंतर पेरतो तशी तिथे पेरून चालणार नाही. सप्टेंबरातच टाकावी का? कोणी कातळावर कलमांमध्ये कुळीथ घेतलाय का? असेल तर प्लीज महिना आणि बियाणं किती लागलं ते लिहा.